तपास अधिकारी बदलला तरी मालिका टिकते

'मुख्य नट गेला की गुन्हेमालिका संपली' हे रविवार पुरवणीतील लेखात मांडलेले मत पटले नाही. बीबीसीची 'डेथ इन पॅराडाइज' २०११मध्ये सुरू झाली. रिचर्ड पूल, हम्फ्री गुडमन, जॅक मूनी, नेव्हिल पार्कर आणि २०२४च्या नाताळ विशेष भागापासून मर्व्हिन विल्सन, असे पाच तपास अधिकारी तिने पाहिले. तरीही ती चालू राहिली, कारण बदलाचे काम पटकथेने आपल्या अंगावर घेतले. २०१४मध्ये तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात पूलचा खून होतो आणि त्या खुनाचा तपास हेच गुडमनचे पहिले प्रकरण ठरते. जुन्याचा निरोप आणि नव्याची पारख एकाच कथेत उरकते. प्रेक्षकाला वेगळे समजवावे लागत नाही.

दुसरे म्हणजे नव्या अधिकाऱ्यात जुन्याच्या लकबींची नक्कल केलेली नाही. पूल उकाड्यातही सूट घालणारा, काटेकोर, गुडमन धांदरट. मात्र आयुक्त पॅटरसन, कॅरिबियन बेट आणि शेवटी सर्व संशयितांना एकत्र बसवून केलेली उकल या गोष्टी तशाच राहिल्या. इतर मालिकांची घाई होते ती इथेच: नायकाबरोबर भोवतालची मंडळीही बदलली, तर प्रेक्षकाला धरायला ओळखीचे काहीच उरत नाही.

ग्लासगोतील 'टॅगार्ट' या गुन्हेमालिकेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. शीर्षक भूमिका करणारे मार्क मॅकमॅनस १९९४मध्ये वारले, पण जार्डिन हा सहकारी १९८७पासून पडद्यावर रुळलेला होता. मालिका त्याच नावाने २०१०पर्यंत चालली.

– एक वाचक, ठाणे