पानशेतच्या आठवणी नदीकाठी नोंदवाव्यात

महोदय,

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. माझ्या आईला मात्र तो दिवस नारायण पेठेतील वाड्याच्या जिन्यावरून आठवतो. पाणी सातव्या पायरीला लागले तेव्हा आजीने चुलीवरचा भात पातेल्यासकट उचलला आणि मुलांना पुढे घालून गच्ची गाठली. वाडा मातीचा होता. तो टिकला हे आमचे भाग्य.

ही हकिगत लहानपणापासून ऐकल्यामुळे नदीपात्रात कोणी राडारोडा टाकताना दिसले, की त्याला हटकल्याशिवाय माझे पाऊल पुढे पडत नाही. पूररेषेचा नकाशाही मी पाहिला आहे, परंतु त्यावरील निळी रेषा मला खऱ्या अर्थाने उमगली ती त्या सातव्या पायरीमुळेच.

तो पूर जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. शाळांनी आणि नदीकाठच्या गणेश मंडळांनी त्यांच्या आठवणी वेळीच ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि ओंकारेश्वरापासून लकडी पुलापर्यंत जेथे जेथे पाणी चढले होते तेथे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लहान फलक लावावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मंडळांकडे त्यासाठी कार्यकर्ते आहेत आणि घरोघरी ओळखही आहे. आईची आठवण मी लिहून काढली असून पहिल्या फलकासाठी ती आनंदाने देईन.

– एक वाचक, पुणे