जाबदेणाराची ऐपत तक्रारदाराने कशी सिद्ध करायची? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
स. न. वि. वि.

आमच्या सदनिकेच्या तक्रारीचा ग्राहक आयोगाचा निकाल गेल्या आठवड्यात हाती आला. भरलेली रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. दंडात्मक नुकसानभरपाई, म्हणजे चूक करणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून द्यायला लावायची जादा रक्कम, मात्र नामंजूर, कारण जाबदेणारांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्या बिल्डरच्या, आर्थिक स्थितीचा पुरावा आम्ही दिला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 39 अशी भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला देते, पण समोरच्याची ऐपत कोणी सिद्ध करायची याबद्दल चकार शब्द काढत नाही.

कंपनीचा ताळेबंद सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतो. आमचे बिल्डर मात्र प्रत्येक प्रकल्पाला नवी भागीदारी संस्था काढतात आणि भागीदारीचा ताळेबंद कुठेच जाहीर होत नाही. आयकर विवरणपत्र माहितीच्या अधिकारात मागावे, तर ती ‘वैयक्तिक माहिती’ ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली मालमत्तेचे शपथपत्र मागवता येते खरे, पण ते वसुलीच्या वेळी, म्हणजे रक्कम ठरून गेल्यावर.

लेखी कैफियतीत ‘मंदीमुळे आर्थिक अडचण’ सांगणाऱ्या या गृहस्थांची बाणेरच्या नव्या टॉवरची पानभर जाहिरात आम्ही दाखल केली. जाहिरात म्हणजे ताळेबंद नव्हे, असे सांगून त्यांच्या वकिलांनी ती उडवून लावली. आमची ऐपत मात्र कर्ज देण्यापूर्वी बँकेने पगाराच्या स्लिपांपासून विम्याच्या पावत्यांपर्यंत सगळे मागून तपासली होती. त्याच कर्जाचा हप्ता आणि वर घरभाडे भरता भरता पत्नीचे दागिने गहाण पडले, मुलीचे शिक्षणही उधारीवर गेले. तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लावावा, असे याच ग्राहक कायद्याचे कलम 38 म्हणते. ते वाचून आता हसूही येत नाही.

पोटगीच्या प्रकरणांत पती-पत्नी दोघांनीही मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवून दिले. पोटगीच्या दाव्यातल्या साध्या कारकुनाला जे बंधन, ते रावेतपासून वाघोलीपर्यंत इमारती उठवणाऱ्याला का नाही? तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसताच जाबदेणाराने मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब बंद पाकिटात द्यावेत आणि न दिल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान काढावे, एवढा नियम करणे आपल्याला जड नाही. निवडणुकीला उभे राहणाऱ्याची मालमत्ता शपथपत्रावर घेऊन आपण ती जगजाहीर करता; त्याच्या फ्लेक्सचा खर्च उचलणाऱ्या बिल्डरची मालमत्ता तेवढी गोपनीय.

आता ते अपिलात जाणार, असे कळते. त्यासाठी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते आणि ती तयार असल्याचे त्यांचे वकीलच सांगतात.

आपला,
एक तक्रारदार, कोथरूड, पुणे