वनीकरण मोजताना झाडांखालची जमीनही पाहावी

संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की वृक्षलागवडीचे आकडे प्रसिद्ध होऊ लागतात. २०१९ साली राज्याचे उद्दिष्ट तर ३३ कोटी रोपांचे होते. लावलेल्यांपैकी किती रोपे जगली याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण कोणत्या झाडांखाली मातीतले कोणते जीव टिकतात, हे कोणी विचारत नाही.

आंबोलीच्या रानात अंजनी, जांभूळ, पिसा अशा अनेक झाडांची पाने थोडी थोडी गळत राहतात आणि प्रत्येकाच्या कुजण्याचा वेग वेगळा असल्यामुळे सावलीत पाचोळ्याचा थर टिकून राहतो. बुरशीवर जगणारे कोलेम्बोला (कीटकांसारखे इवलेसे बिनपंखी जीव), पाने कुरतडणारे वाणी (सहस्रपाद), त्याखाली गांडुळे आणि गांडुळे खाणारे देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) व खापरखवल्या साप, असा सारा संसार त्या थरावर उभा असतो. देवगांडुळाची ‘गेजेनिओफिस डॅनिएली’ ही जात २००३ साली शास्त्रीय नोंदीत आली, तीही आंबोलीहूनच. याउलट सागाचे रान उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन जमीन तापते, वाळलेला पाचोळा वणव्याला सापडतो; तर कोकणातल्या सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा चिवट पाचोळा लवकर न कुजता साचत जातो.

हा फरक केवळ हवामानाचा किंवा मूळ मातीचा नव्हे. पोलंडमध्ये एकाच ठिकाणी १४ जातींची झाडे लावून सुमारे तीस वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा ज्या झाडांच्या पानांत कॅल्शियम अधिक, त्यांच्याखाली गांडुळे अधिक आणि माती कमी आम्ल आढळली.

मात्र नुसती गांडुळे मोजूनही भागणार नाही. त्रिपुरातल्या रबराच्या बागांत गांडुळे आहेत, पण त्यांत मूळच्या दक्षिण अमेरिकेतील ‘पोंटोस्कोलेक्स’ या परक्या गांडुळाचेच वर्चस्व आहे. दोडामार्ग परिसरात रबराची लागवड वाढत असताना ही गोष्ट विसरता कामा नये.

म्हणून माझी वनविभागाला कळकळीची विनंती आहे की, तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात केलेली एकजातीय लागवड ‘भरपाई’ म्हणून मान्य करण्यापूर्वी तिथल्या पाचोळ्यातील व मातीतील जीवांची जातवार नोंद शेजारच्या मूळ जंगलाशी ताडून पाहावी. ही पाहणी पावसाळ्यात व्हावी, कारण उन्हाळ्यात यांतले बरेच जीव खोल जातात किंवा सुप्त असतात. स्थानिक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना या कामात सहज सामील करून घेता येईल.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी