सुवर्णबुद्धाला अर्धा तास, आणि याओवारातला शून्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुटीचा हंगाम जवळ आला की बँकॉक-पट्टायाच्या सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात दिसू लागतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हमखास असणाऱ्या ‘सुवर्णबुद्ध मंदिर : अर्धा तास’ या ओळीबद्दल हे पत्र आहे. अशाच एका सहलीत आमची बस बँकॉकच्या वात त्रैमित या सुवर्णबुद्ध मंदिरासमोर थांबली, फोटो काढून झाले आणि तिथून चालत काही मिनिटांवर असलेला याओवारात हा चिनी वस्तीचा भाग खिडकीतूनच पाहत आम्ही ‘भारतीय जेवणा’कडे रवाना झालो. दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ मिळताच आम्ही दोघे मेट्रोने परत गेलो.

साडेपाच टन वजनाची ती मूर्ती पूर्वी गिलाव्याखाली दडलेली होती आणि १९५५ साली ती हलवताना गिलावा निखळून आतले सोने दिसले, ही कथा मार्गदर्शक सांगतातच. परंतु १७८२ साली राजवाड्यासाठी जागा हवी म्हणून जुन्या चिनी वस्तीला साम्पेंगकडे हलवण्यात आले आणि आजचा हा बाजार त्यातून वाढला, हे सांगणारे प्रदर्शन त्याच इमारतीत असूनही तिकडे कोणी नेत नाही.

वात मांगकोन या चिनी मंदिराचे तर पत्रिकेत नावही नव्हते. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत असताना आम्ही पाहिले, की ज्यांच्या जन्मराशीला चालू वर्ष प्रतिकूल आहे अशी माणसे कागदावर नाव आणि जन्मतारीख लिहून पूजासाहित्यासह देवापुढे ठेवत होती. आपल्याकडच्या ग्रहशांतीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

संध्याकाळी सोन्याच्या पेढ्यांची दारे ओढली जाऊ लागली आणि त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागल्या. इंदूरचा सराफा पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही शाकाहारी असल्याने (आणि गोड तिखटाआधी खाण्याची खोड असल्याने) प्रथम आल्याच्या गरम, झणझणीत पाण्यात सोडलेले तांदळाच्या पिठीचे गोळे घेतले. आत काळ्या तिळाचे सारण होते आणि चमच्याने फोडताच ते पाण्यात काळेभोर पसरले. उकडीच्या मोदकाचे हे लांबचे नातेवाईकच म्हणायचे. एखाद्या गाडीवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असेल, तर तेथील पदार्थात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास येणाऱ्या तिथल्या नऊ दिवसांच्या शाकाहारी उत्सवात अशी पिवळी निशाणे रस्ताभर लागतात. ‘तिकडे आपल्याला खायला काही मिळत नाही’ हे सहल कंपन्यांचे पालुपद त्यामुळे पटत नाही.

मंदिरे संध्याकाळी लवकर बंद होतात आणि सोमवारी बऱ्याच गाड्या लागत नाहीत, एवढे सांभाळून दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंतचा वेळ या एकाच भागाला देणे अवघड नाही. वात मांगकोन नावाचे मेट्रो स्थानक २०१९ पासून सुरू असल्याने बस उभी करण्याची सबबही उरलेली नाही. रत्नांच्या दुकानात सक्तीने घालवावे लागणारे दोन तास कमी केले, तरी हा वेळ निघतो. निदान ज्यांना बसमधून उतरून चालायचे आहे, त्यांना तसा पर्याय पत्रिकेतच छापून द्यावा, अशी सहल कंपन्यांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे