फॉस्फरस कोंबडीच्या अंगी लागतो का, ते बघा

महोदय,

ब्रॉयलरची पिल्ले लंगडू लागली, चोच रबरासारखी वाकू लागली की ‘डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस-कॅल्शियम पुरवणारी पावडर) वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धवट आहे. खाद्यात फॉस्फरस बऱ्याचदा असतो, पण तो कोंबडीच्या अंगी लागत नाही.

एक टन खाद्यात ६०० किलो मका आणि ३०० किलो सोया पेंड धरली, तर त्यातून साधारण साडेतीन किलो फॉस्फरस येतो. त्यातला दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात असतो, म्हणजे इनॉसिटॉलच्या एका कड्याला सहा फॉस्फेट घट्ट जोडलेले. ते तोडणारे फायटेज हे एन्झाइम कोंबडीच्या आतड्यात अगदी तुटपुंजे. सुटा झालेला फॉस्फेटच लहान आतड्यात शोषला जातो, बाकीचा विष्ठेतून जातो. ब्रॉयलर स्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला, टनाला साडेचार किलो उपलब्ध (शोषला जाऊ शकणारा) फॉस्फरस हवा आणि या दोन घटकांतून मिळतो जेमतेम सव्वा किलो. भाताच्या कोंड्यात एकूण फॉस्फरस भरपूर दिसतो, पण बहुतेक सगळा फायटेटचाच. एकूण आकड्यावर विसंबणारा तिथे फसतो.

यावर उपाय म्हणून फायटेज १९९१पासून बाजारात आहे. किलोभर खाद्याला ५०० युनिटची मात्रा नेहमीची. ग्रॅमला ५,००० युनिटची पावडर असेल तर टनाला १०० ग्रॅम. त्यातून साधारण एक किलो उपलब्ध फॉस्फरस सुटतो, म्हणजे १८ टक्के फॉस्फरसचा डीसीपी साडेपाच किलोने कमी करता येतो. नेमका आकडा मात्र त्या त्या उत्पादनाच्या तक्त्यातूनच घ्यावा. शंभर ग्रॅम पावडर थेट मिक्सरमध्ये टाकू नये. आधी दोन किलो भरडलेल्या मक्यात, मग वीस-पंचवीस किलोत कालवून घ्यावी. खाद्याच्या पेलेट (दाबलेल्या गोळ्या) करताना तापमान ८५ अंशांच्या वर जात असेल तर साधे फायटेज बरेचसे मरते. तेव्हा उष्णता सोसणारे घ्यावे किंवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप फवारावे.

सर्वाधिक घोळ कॅल्शियममध्ये होतो. फायटेजचे मुख्य काम अन्नपिशवीत आणि जठरात, आम्लात चालते. बारीक चुनखडी हे आम्ल मारते. शिवाय पुढे आतड्यात कॅल्शियम फायटेटला चिकटून न विरघळणारा साका होतो, त्यावर एन्झाइम चालत नाही. डीसीपी कमी केला की त्यातले सव्वा किलो कॅल्शियमही कमी होते, आणि ते भरून काढायला दगडपूड (हीच चुनखडीची पूड) फावड्याने ओतली जाते. फायटेजमुळे थोडे कॅल्शियमही सुटते, ते हिशेबात धरावे. स्टार्टरमध्ये कॅल्शियम एक टक्क्याच्या वर नेऊ नये. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन-चार टक्के लागतेच. तिथे निम्मा भाग दोन ते चार मिलिमीटरच्या शिंपल्याचा द्यावा, तो सावकाश विरघळतो.

डीसीपीही तपासून घ्या. चमचाभर पावडरीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फेस आला तर दगडपुडीची भेसळ असण्याची दाट शक्यता आहे, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सगळे ठीक असूनही पिल्ले लंगडत असतील तर जीवनसत्त्व डी३ बघा.

खाद्यनिर्मात्यांना कळकळीची विनंती: पोत्यावर उपलब्ध फॉस्फरस, फायटेजचे युनिट आणि कॅल्शियमची कमाल मर्यादा मराठीत, ठळक छापा. शेतकरी घरी मका-पेंड मिसळतो, त्याला हे तीन आकडे माहीत नसतील तर तो हिशेब करणार कशाच्या जोरावर?

— एक कुक्कुट आहारतज्ज्ञ, नाशिक