लोणच्याची बरणी

निपाणी

चि. संजूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, ऑफिसच्या तपासणीत बीपी १५२/९६ आलं, पण मला काही होत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही." फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. डोकं माझंही दुखत नव्हतं. बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही, आणि आतून हृदय, मेंदू, किडनीवर काम करत राहतं.

माझा गाढवपणा तुला कधी सांगितला नाही. गोळीवर बीपी १२८ वर आलं, मला वाटलं, बरा झालो. गोळी बंद केली. तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्यात सिस्टरनं मोजलं तर १८२/१०८! "उप्पु कडिमी माड्री," म्हणजे मीठ कमी करा, असं ती कन्नडमध्ये म्हणाली, आणि मग मराठीत चांगलंच झापलं. ते १२८ गोळीमुळं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढं एका गोळीनं पाय सुजायला लागले. ह्या वेळी शहाणा होऊन बंद केली नाही, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बदलून दिली.

एका मोजणीवर घाबरू नकोस. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घे, मनगटाचं नको. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांब, लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस. पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर वहीत लिही. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरकडं जा. तुझं वय ३४, एवढ्या लवकर वाढलं तर किडनीचीही तपासणी सांगतील, टाळू नकोस. कंबरदुखीच्या गोळ्या मनानं घेतोस ना, त्यांनीही बीपी वाढतं. तेही सांग.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचाभर. ठेचा, पापड, फरसाण त्यातच आले. तंबाखूचं मी काय सांगू, तंबाखूच्याच गावात, निपाणीत जन्म गेला माझा. पण सोडलीय की, चार वर्षं झाली.

आईनं तुला पाठवायला लोणच्याची बरणी भरली होती. ती मी शेजारी देऊन टाकली. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. रविवारी फोन करशील तेव्हा तूच समजव बघ.

तुझा,
बाबा