माती लोटली म्हणजे शेकोटी विझत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की पुण्यातील तरुण मंडळी शनिवार-रविवार साधून पवना धरणाच्या काठी, मुळशीकडे किंवा राजगड-तोरण्याच्या परिसरात मुक्कामाला जातात आणि मुक्काम म्हटला की शेकोटी आलीच. तिला माझा विरोध नाही. परंतु सकाळी निघण्याच्या घाईत निखाऱ्यांवर पायाने माती लोटून निघून जाण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती अत्यंत धोक्याची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भुसभुशीत मातीतून निखाऱ्यांना थोडी हवा मिळत राहते आणि मातीचा थर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे जाड लाकडाचा निखारा वरून काही न दिसता दुसऱ्या दिवसापर्यंतही धुमसत राहू शकतो. वाऱ्याने माती उडाली की ठिणगी शेजारच्या गवतात पडते. शिवाय राख गार आहे असे समजून एखादे मूल त्यावर अनवाणी धावले, तर त्याचे तळपाय भाजतात.

विझवण्याचा खात्रीचा उपाय पाणी हाच आहे. झोपण्यापूर्वी तासभर आधी नवे लाकूड घालणे थांबवावे, म्हणजे ओंडके जळून त्यांची राख होते. मग निखारे पसरून त्यांवर पाणी ओतावे, काठीने राख तळापर्यंत ढवळावी, अर्धवट जळालेली लाकडे उलटीपालटी करून भिजवावीत, भोवतीच्या दगडांखालीही पाणी जाऊ द्यावे आणि चरचर पूर्ण थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ धरून पाहावी. जरासुद्धा ऊब जाणवली तरी पुन्हा पाणी घालावे. निखारे जिवंत असताना कोणीही झोपू नये, आणि उबेसाठी ते घमेल्यात भरून तंबूत तर मुळीच नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावू शकतो.

म्हणूनच विझवण्यापुरते पाणी शेजारी भरून ठेवल्याशिवाय काडी ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर ज्या गडावर टाक्यात पिण्यापुरतेच पाणी उरलेले असते, तेथे शेकोटी करूच नये. इतरत्रही आधीची चूल असेल तीच जागा वापरावी, भोवतीचे वाळके गवत व पालापाचोळा दूर करून जमीन उघडी करावी आणि जाळ गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. नदीपात्रातले ओले दगड मात्र भोवती लावू नयेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात व कपच्या अंगावर उडतात. गडावरील तटाला किंवा मंदिराच्या भिंतीला लागून जाळ करणे तर अक्षम्य आहे. तापलेल्या दगडांना तडे जातात.

सह्याद्रीतील प्रत्येक वणवा शेकोटीमुळे लागतो असे मी म्हणत नाही. गवत चांगले यावे म्हणून मुद्दाम लावलेल्या आगी आणि फेकलेल्या विड्या-सिगारेटी यांचाही त्यात वाटा आहे. पण फेब्रुवारीनंतर उतारांवरचे गवत कडक वाळलेले असते आणि एक ठिणगी वाऱ्याबरोबर अख्खा डोंगर चढते. त्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी आणि लोकांनी पाणी घालून जगवलेली रोपे जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसातच वाहून जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार, वनाधिकाऱ्यांनी जाहीर केलेले हंगाम सोडून राखीव वनात आग पेटवणे, ती राखणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

धरणकाठी तंबू भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक शेकोटीमागे पाण्याची भरलेली बादली द्यावी आणि ती विझवण्याची जबाबदारी पाहुण्यांवर न सोपवता स्वतःच्या माणसावर ठेवावी. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी जागा सोडण्यापूर्वी राखेजवळ हात धरून ऊब तपासण्याचे काम एका जबाबदार सदस्याकडे द्यावे. वन विभागाने गडांच्या पायथ्याशी याविषयीचे मराठी फलक लावावेत आणि त्यांवर वणवा दिसताच कळवण्यासाठी आपला १९२६ हा क्रमांक ठळक छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक गिरिप्रेमी वाचक,
कोथरूड, पुणे